पंप पास, गाडी नापास

गाडीखालचा हिरवा डाग पहिल्यांदा पाहिला तो अंतराने. तिच्या वडिलांना, म्हणजे चिंतामणराव देवपुजाऱ्यांना, तो दिसला नाही. ही गोष्ट पुढे त्या घरात कुणी मोठ्याने बोलत नसे, कारण चिंतामणरावांनी उभी नोकरी गळती शोधण्यात घालवली होती. लष्करी ट्रक बनवणाऱ्या सरकारी फॅक्टरीत ते तपासणी खात्यात होते. कुठे पाणी झिरपतंय, कुठे तेल पाझरतंय, कुठे हवा निसटतेय हे पाहायचं, आणि सापडलं की माल परत पाठवायचा. दुरुस्त करणं त्यांच्याकडे नव्हतं. पाना हातात धरणारी माणसं वेगळी. चिंतामणराव फक्त बघत आणि मान हलवत. मान आडवी हलायची. त्या आडव्या मानेने ज्यांची झोप उडवली अशी निवृत्त मंडळी जबलपुरात आजही सापडतात.

निवृत्तीनंतर नोकरी सुटली, मान सुटली नाही. बाजारात ते प्रत्येक भेंडी मोडून पाहत आणि मोडलेली भेंडी नापास करून भाजीवाल्याच्याच टोपलीत ठेवत. सत्यनारायणाचा प्रसाद तेवढा ते काही न बोलता घेत, तोही डोळे मिटून, म्हणजे शेरा मनातल्या मनात राहावा. अंतराला सरकारने ड्रायव्हिंग लायसन्स दिलं होतं, वडिलांनी अजून दिलं नव्हतं. ती गाडी चालवायला बसली की ते शेजारी बसून पुढच्या चौकापर्यंतच्या चुका सांगत; झालेल्या आणि व्हायच्या. लहानपणापासून तिने काहीही करून दाखवलं तरी वडील आधी त्यात काय राहिलं ते सांगत. तिला त्याची सवय झाली होती, निदान ती तसं म्हणत असे.

तर अंतराला बँकेत नोकरी लागली आणि पहिलीच नेमणूक कुंडमच्या शाखेत झाली. कुंडम काही परदेशात नाही, पण रस्ता जंगलातून जातो आणि बस स्वतःच्या मर्जीने. दोन वाटा होत्या. घरची जुनी गाडी घेऊन रोज जायचं-यायचं, नाहीतर कुंडमलाच खोली घेऊन राहायचं. अंतराच्या आईला, मेघनाताईंना, मुलगी घरीच हवी होती, आणि त्यांनी ते स्वयंपाकघरातून, देवघरातून आणि फोनवरून सगळ्या नात्यागोत्याला कळवलं. चिंतामणरावांनाही ती घरीच हवी होती. जेवताना ती समोर नसली तर आपण कुणाला काय म्हणायचं, हा त्यांचा खरा प्रश्न होता. पण असलं काही तोंडातून निसटू देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "गाडी आधी तपासावी लागेल."

"तेच सांगून राहिली मी, बाबा," अंतरा म्हणाली. "गाडीखाली काहीतरी हिरवं पडून राहिलंय."

"कुणी रंग सांडला असेल."

"रंग रोज सांडते का?"

चिंतामणराव चटई घेऊन खाली गेले. गाडी त्यांनी अंतरा शाळेत असताना घेतली होती. पंधरा वर्षं झाल्यावर नोंदणी पुन्हा करून घेताना आर.टी.ओ.च्या साहेबाने तिच्याकडे पाहून "चलती है?" असं विचारलं होतं. त्या प्रश्नाचा राग चिंतामणरावांच्या मनात होता. त्यांनी चटईवर आडवं होऊन गाडीखाली बराच वेळ पाहिलं. मग उठून त्यांनी निकाल दिला, "गळती आहे." हे अंतराने आधीच सांगितलं होतं, पण आता ते अधिकृत झालं.

इंजिन तापू नये म्हणून जे हिरवं पाणी त्यात फिरतं, ते कुठूनतरी बाहेर येत होतं. कुठून, हा प्रश्न होता. जबलपूरच्या राइट टाउनमधल्या त्यांच्या इमारतीत या प्रश्नाचं उत्तर नसलेला एकही माणूस नव्हता. त्यात पहिला मान आलोक तिवारींचा. तिवारी वरच्या मजल्यावर राहत आणि त्याच फॅक्टरीतून जुळणी विभागाचे फोरमन म्हणून निवृत्त झाले होते. चिंतामणरावांनी परत पाठवलेला माल वर्षानुवर्षं ज्यांच्या दारात येऊन पडला ते हेच तिवारी. ते गॅलरीतून खाली वाकले आणि त्यांनी डाग डोळे भरून पाहिला.

"साहब," ते म्हणाले, "आपके रहते लीकेज?"

हे वाक्य ते किती वर्षांपासून जपून ठेवून होते कोण जाणे. चिंतामणरावांनी वर न पाहता "रेडिएटर असणार" असं सांगितलं. तिवारी म्हणाले, "होज पाइप है, साहब, लिख के देता हूँ." पलीकडच्या गल्लीतला गॅरेजवाला अंकुर फोनवर बोलत बोलत आला, बॉनेटला हात लावायच्या आधीच "अंकल जी, हेड गैस्केट गया, इंजन खोलना पड़ेगा" म्हणाला आणि फोनवर बोलत बोलत परत गेला. अंकुरला प्रत्येक गाडीचं हेड गॅस्केट गेलेलं दिसे. त्यात त्याचा दोष नव्हता, इंजिन उघडायला त्याला मनापासून आवडायचं.

तेवढ्यात सोसायटीच्या फळ्यावर सूचना लागली. सेक्रेटरी गीतांजली दुबे या निवृत्त प्राचार्या होत्या आणि त्यांचं हिंदी फार शुद्ध होतं. 'पार्किंग स्थल में एक अज्ञात हरित द्रव पाया गया है' अशी सूचनेची सुरुवात होती. हा द्रव चवीला गोड असतो आणि कुत्र्यांना तो घातक आहे, हे त्यांना त्यांच्या कुत्र्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. तेव्हा मेकॅनिकने 'गळती नाही' असं लिहून देईपर्यंत गाडी इमारतीबाहेर रस्त्यावर उभी राहील, असा आदेश होता.

चिंतामणराव दुबेबाईंकडे गेले. "मैडम, लीकेज का सर्टिफिकेट मैं खुद देता था. फौज के ट्रकों को."

"जानती हूँ, देवपुजारी जी. पर अपनी ही गाड़ी को अपना ही प्रमाणपत्र?"

दुबेबाईंच्या जागी चिंतामणराव असते तर अगदी हेच म्हणाले असते. नियम बरोबर होता आणि म्हणूनच तो जास्त लागला. गाडी रस्त्यावर गुलमोहराखाली गेली, आणि पक्ष्यांनी तिची जी अवस्था केली तिचं वर्णन इथे नको.

आता खरं म्हणजे एक चांगला मेकॅनिक पाहायचा आणि त्याच्यावर सोपवून घरी चहा प्यायचा, हा सरळ रस्ता होता. पण चिंतामणरावांच्या पद्धतीत नवा भाग गाडीत बसण्याआधी तपासणीतून जाणं आवश्यक होतं. त्यासाठी त्यांनी इमारतीच्या मागच्या अंगणात एक केंद्रच उभं केलं. तांब्याचं मोठं घंगाळ, सायकलचा पंप, रबरी बुचं, भिंग आणि बसायला पाट. नवा होज पाइप आणायचा, दोन्ही तोंडं बंद करायची, पंपाने हवा भरायची आणि घंगाळात बुडवून बुडबुडे मोजायचे. बुडबुडा आला की मान आडवी. पहिला पाइप नापास झाला. दुसराही झाला. त्या घंगाळात दिवाळीला अभ्यंगस्नानाचं पाणी तापायचं आणि मेघनाताईंना ते माहेरून आलेलं होतं. पण मुलगी घरी राहावी म्हणून त्या बुडबुडे सोसायला तयार होत्या.

बाजारात यामिनी जैन यांचं स्पेअर पार्टचं दुकान होतं. सासऱ्यांच्या मागे दुकान त्याच बघत आणि जबलपुरातली कुठली गाडी कशाने आजारी आहे हे त्यांना तोंडपाठ असे. चिंतामणराव पाइप परत घेऊन गेले की त्या तो घेत, दुसरा देत. तिसऱ्या खेपेला पाइप पास झाला, गाडीत बसला, आणि हिरवा डाग पूर्वीच्याच जागी, पूर्वीच्याच आकाराचा पडला. मग रेडिएटरची पाळी आली. पहिल्या रेडिएटरचा सांधा चिंतामणरावांना पटला नाही. दुसऱ्याच्या जाळीतली एक पाती वाकलेली निघाली. तिसरा घंगाळात मावत नव्हता, म्हणून त्याची तपासणीच होऊ शकली नाही, आणि तपासणी नाही म्हणजे नापास. या वेळी अंतराही सोबत दुकानात आली होती.

"अंकल जी," यामिनी म्हणाल्या, "ये गाड़ी में लगाना है या बिटिया के लिए लड़का देख रहे हैं?"

अंतरा मोठ्याने हसली. चिंतामणराव हसले नाहीत, पण तो प्रश्न त्यांनी घरी येईपर्यंत मनात घोळवला. मुलगा बघायची वेळ आली तर घंगाळ कितपत उपयोगी पडेल, हा विचार त्यांच्या मनात येऊन गेला असेलही.

खरा घात त्यांनी पाना हातात घेतला तेव्हा झाला. जुन्या रेडिएटरच्या तोंडावर पाइप धरून ठेवणारी पट्टी जरा ढिली आहे, ती आवळून पाहावी, असं त्यांच्या मनात आलं. नोकरीत त्यांनी असंख्य पट्ट्या ढिल्या ठरवल्या होत्या, एकही आवळली नव्हती. किती आवळायची याचा त्यांना अंदाज नव्हता, म्हणून ते आणखी थोडी, आणखी थोडी करत गेले. रेडिएटरचं तोंड प्लॅस्टिकचं होतं आणि गाडीएवढंच म्हातारं. ते कट्‌ करून तडकलं. आतापर्यंत जे थेंब थेंब येत होतं ते आता तोटी उघडल्यासारखं आलं आणि चिंतामणरावांचा सदरा, चटई व रस्ता हिरवा झाला.

मेघनाताई खाली आल्या. "अहो, काहून हात लावला तुम्ही? तुम्ही आयुष्यभर पाहायचंच काम केलं ना, पाहत बसायचं होतं."

"कमकुवत होतं ते," चिंतामणराव म्हणाले. "आज ना उद्या गेलंच असतं. बरं झालं, तपासणीत सापडलं."

गॅलरीतून तिवारी खाली आले. त्यांना आता मनापासून कणव वाटू लागली होती, आणि तिवारींची कणव ही त्यांच्या रागापेक्षा महाग पडायची. ते म्हणाले, "साहब, जंगल में ट्रक का रेडिएटर फूटता है तो ड्राइवर क्या करता है? कंपनी को चिट्ठी लिखता है? मुट्ठी भर हल्दी डालता है. हल्दी जाके छेद में बैठ जाती है. अपने ट्रक आधा हिंदुस्तान ऐसे ही घूमे हैं."

आपण पास केलेले ट्रक हळदीवर चालत होते, हे चिंतामणराव पहिल्यांदाच ऐकत होते. तपासणीच्या कुठल्याही नियमात हळद नव्हती. पण बँकेत हजर व्हायचा सोमवार जवळ येत होता, अंतराने कुंडमच्या एका खोलीच्या मालकीणबाईंशी फोनवर बोलून ठेवलं होतं, आणि रस्त्यावरच्या गाडीत पाणी थांबत नव्हतं. तडकलेल्या तोंडावर त्यांनी अंकुरकडून काहीतरी काळं चिकटवून घेतलं आणि संध्याकाळी स्वयंपाकघरात गेले.

"हळद कुठे असते?"

"कशाला पाहिजे? गुडघा दुखून राहिला का?"

"हो," चिंतामणराव म्हणाले. निरीक्षकाने खोटं बोलू नये असा नियम होता, पण गुडघा थोडा दुखतच होता.

मेघनाताईंनी दुधात घालायला चिमूटभर काढून दिली. त्या देवाजवळ दिवा लावायला गेल्या तेव्हा चिंतामणरावांनी उरलेली बरणी उचलली. ती वायगावची हळद होती. मेघनाताईंच्या बहिणीने वर्ध्याहून खास दळून पाठवलेली, वर्षभराची. तिच्यासारखा रंग जबलपूरच्या हळदीला येत नाही, हे त्या घरात रोज एकदा तरी म्हटलं जायचं.

बरणीतली हळद रेडिएटरमध्ये ओतून चाचणीला चिंतामणराव आणि तिवारी दोघेच निघाले. रेल्वेच्या पुलाखाली नेहमीसारखी कोंडी होती. गाडी थांबली आणि तापमानाचा काटा उठून उभा राहिला. आधी गाडीत वास आला. वरणाला फोडणी बसावी तसा तो घरगुती वास होता आणि तिवारी "वाह" असं म्हणूनही गेले. मग बॉनेटच्या फटीतून पिवळी वाफ निघाली, खालून पिवळी धार लागली आणि मागच्या सगळ्यांनी हॉर्न सुरू केले. शेजारच्या ऑटोवाल्याने डोकं बाहेर काढून चौकशी केली, "दादा, नमक डाला कि नहीं?"

चिंतामणरावांनी काच वर केली. वाफेमुळे त्यांना ती लगेच खाली करावी लागली. तिवारींना एकाएकी आठवलं की त्यांना भाजी घ्यायची आहे, आणि ते त्याच ऑटोतून निघून गेले. गाडी लोकांनी ढकलत बाजूला लावली. ढकलणाऱ्यांचे हात पिवळे झाले, आणि एकाने ते आपल्या लग्नाच्या आठवणीने दुसऱ्याच्या गालाला पुसले. चिंतामणराव दूर, पानाच्या टपरीच्या आडोशाला उभे होते. गाडी कुणाची आहे असं कुणी विचारलं तर काय सांगायचं हे ते ठरवत होते.

फळ्यावर दुसरी सूचना लागली. 'अज्ञात द्रव का रंग परिवर्तित हुआ है.' ती मेघनाताईंनी वाचली. त्यांनी बरणी उघडून पाहिली आणि झाकण लावलं. पुढचे दिवस घरात पांढरं वरण, पांढरी बटाट्याची भाजी आणि पांढरे पोहे होत राहिले. चिंतामणराव ताटाकडे पाहत, शेरा द्यायला तोंड उघडत आणि त्यात घास घालत.

इथून पुढे सूत्रं अंतराने हातात घेतली. तिने यामिनीताईंना फोन केला, आणि एक नवा रेडिएटर दुकानातून सरळ अंकुरच्या गॅरेजमध्ये गेला. तो पिशवीतून, तोंड झाकून नेला गेला. अंकुरने इंजिनातली हळद धुऊन काढली. हळद सगळीकडे बसली होती, फक्त छेद सोडून. चिंतामणरावांना कळेपर्यंत रेडिएटर गाडीत बसलाही होता. "तपासल्याशिवाय?" एवढंच ते म्हणाले, आणि त्या दिवशी जेवले नाहीत. पांढऱ्या भाजीमुळे ते तसंही अवघड नव्हतं.

गळती मात्र होतीच. पुन्हा तोच छोटा हिरवा डाग. मग अंतराने जुनी वर्तमानपत्रं गाडीखाली पसरली, त्यांवर दगड ठेवले, गाडी सुरू करून तापू दिली आणि बंद केली. थोड्या वेळाने कागद काढले तर पुढचे, रेडिएटरखालचे, कोरडे. थेंब होते मागच्या कागदावर, उजवीकडे, जिथे इंजिनाचे पट्टे फिरतात त्याच्या बरोबर खाली. ती टॉर्च घेऊन पालथी पडली. पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या अंगाला एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं की पाणी तिथून बाहेर येतं. त्या भोकाखाली हिरवट पांढरा ओघळ सुकून बसला होता.

"बाबा, वॉटर पंप आहे. पहिल्या दिवसापासून हाच होता."

म्हणजे पाइप, रेडिएटर, घंगाळ आणि वायगावची हळद, सगळं फुकट गेलं होतं. तिवारी गॅलरीतून आत गेले. होज पाइपचं त्यांनी लिहून दिलं नव्हतं हे त्यांचं नशीब. अंकुर म्हणाला, "मैं तो पहले ही बोला था, अंदर का मामला है." चिंतामणरावांनी कागद हातात घेतला, थेंब पाहिले, मुलीकडे पाहिलं. कागद पसरून शोधायची ही युक्ती कुठल्याही तपासनीसाला शोभेल अशी होती. ते तिला सांगावं असं त्यांच्या जिभेवर आलं. "कागद जरा सरळ लावायचा असता," ते म्हणाले.

शनिवारी नवा पंप आला. चिंतामणरावांनी त्याचा दांडा बोटांनी हलवला, तो केसभर हलला, मान आडवी. दुसरा आला. त्याच्या तोंडाच्या कडेवर त्यांना भिंगातून एक चरा दिसला. अंकुरला दिसला नाही, यामिनींना दिसला नाही, चिंतामणरावांना दिसला. रविवारी सकाळी यामिनींनी तिसरा पंप पाठवला आणि निरोप दिला की गावात आता दुसरा नाही. हा नको असेल तर नागपूरहून येईल, तो बुधवारी.

गॅरेजच्या बाकावर चिंतामणराव पंप मांडीवर घेऊन बसले. भिंग त्यांच्या हातात होतं. तेव्हा मेघनाताई तिथे आल्या. गॅरेजमध्ये त्या आयुष्यात पहिल्यांदाच आल्या असाव्यात.

"पोरीनं बॅग भरून ठेवली आहे," त्या म्हणाल्या. "उद्या बँकेत हजर होऊन संध्याकाळी खोली पाहते म्हणून राहिली. खोली पसंत पडली की तिथेच. मी काही म्हणत नाही. मी हळदीचंही काही म्हटलं नाही. पण हे तुम्हाला माहीत असू द्या."

त्या गेल्या. अंकुर हात पुसत उभा होता. चिंतामणरावांनी पंपाकडे पाहिलं. त्यात काहीतरी असणारच, हे त्यांना ठाऊक होतं. प्रत्येक गोष्टीत काहीतरी असतंच, म्हणून तर त्यांना पगार मिळाला होता. त्यांनी भिंग खिशात टाकलं.

"लगा दो."

"चेक नहीं करेंगे, अंकल जी?"

"लगा दो म्हटलं ना!"

पंप बसला. अंकुरने गाडी तापवून पाहिली, खाली कोरडं होतं. त्याने 'लीकेज निल' असं लिहून सही केली, गीतांजली दुबेंनी ते दोनदा वाचलं, त्यातली शुद्धलेखनाची चूक दुरुस्त केली, आणि गाडी गुलमोहराखालून आत आली.

सोमवारी सकाळी अंतरा बॅग घेऊन खाली उतरली तेव्हा गाडी पुसून उभी होती. जूनचं ऊन सकाळीच चढलेलं. चिंतामणरावांनी इंजिन आधीच सुरू करून ठेवलं होतं, एसी लावला होता, आत अगदी गार झालं होतं. मुलगी पहिल्या दिवशी घामेजून बँकेत जाऊ नये एवढाच त्यांचा हेतू होता, पण विचारलं असतं तर त्यांनी 'कॉम्प्रेसर तपासत होतो' असं सांगितलं असतं. अंतराने दार उघडलं, मग सवयीने खाली वाकून पाहिलं.

"बाबा. थेंब आहे."

चिंतामणरावांनी खाली पाहिलं नाही. "असू दे."

"असू दे म्हणजे? गळून राहिलंय ना."

"थोडंफार चालतं. तू घेऊन जा. गाडी चांगली आहे."

अंतरा सरळ उभी राहिली आणि वडिलांच्या तोंडाकडे बघत राहिली. या माणसाने तिला आयुष्यात 'चालतं' असं कधी म्हटलं नव्हतं. तिची शाळेतली रांगोळी चालली नव्हती, तिची चपाती चालली नव्हती, तिचा रिव्हर्स अजूनही चालत नव्हता. आणि आज गळणारी गाडी चालत होती! याचे तिला दोनच अर्थ दिसले. एकतर बाबांची तब्येत बरी नाही, नाहीतर गाडीत इतकं मोठं काहीतरी आहे की ते सांगवत नाही.

"मी नाही नेत," ती म्हणाली. "मध्येच जंगलात बंद पडली तर? मी बसने जाते."

"अंतरा..."

"तुम्ही डॉक्टरला दाखवून या, बाबा," ती काळजीने म्हणाली आणि बॅग घेऊन ऑटोत बसली.

चिंतामणरावांनी ऑटो वळेपर्यंत पाहिलं. पहिल्यांदा काहीतरी पास केलं, तर समोरच्याने ते नापास केलं. तिवारी हळूच खाली आले. ते काही बोलणार तेवढ्यात त्यांचं लक्ष खाली गेलं. त्यांनी वाकून थेंबाला बोट लावलं.

"साहब, ये तो ठंडा है. एसी का पानी है."

चिंतामणरावांनी आता वाकून पाहिलं. थेंब डावीकडे होता, पंप उजवीकडे. थेंबाला रंग नव्हता. शिकाऊ पोराच्याही हे लक्षात आलं असतं. तिवारींना हसायचा पूर्ण अधिकार होता, पण साहेबांचा चेहरा पाहून त्यांनी तो वापरला नाही. "चलो साहब, चाय पीते हैं," असं म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने गाडीचा एसी बंद केला.

तो दिवस चिंतामणरावांनी पार्किंगमध्येच काढला. खुर्ची टाकून ते गाडीजवळ बसले होते आणि गाडीखाली काही पडत नव्हतं. मेघनाताई गॅलरीतून दर थोड्या वेळाने खाली पाहत आणि आत जात. कुंडमची शेवटची बस यायच्या वेळेला दोघांनीही घड्याळाकडे पाहायचं टाळलं.

अंधार पडता पडता फाटकाशी ऑटो थांबली. अंतरा उतरली, सकाळची बॅग तिच्याच हातात होती. चिंतामणराव खुर्चीतून उठले.

"ते एसीचं पाणी होतं," ते घाईघाईने म्हणाले. "सकाळचं. गाडीत काही नाही."

"तुम्ही पाहिलं नव्हतं का?"

"नाही."

"काहून, बाबा?"

त्यांनी कोपऱ्यातली चटई आणून गाडीशेजारी पसरली. अंतराने बॅग खाली ठेवली, मोबाइलचा टॉर्च लावला आणि ऑफिसच्या कपड्यांनिशी चटईवर आडवी होऊन गाडीखाली गेली. तिचे नुसते पाय बाहेर दिसत होते.

वरून मेघनाताईंना राहवलं नाही. "अगं, खोलीचं काय झालं? आवडली का?"

"छान होती," गाडीखालून आवाज आला. "मोठी खिडकी, समोर मोहाचं झाड. मालकीणबाई फार चांगल्या, चहा दिला, पोहे दिले."

मेघनाताईंनी गॅलरीचा कठडा धरला.

"पण नाही घेतली. मोरीतला नळ गळून राहिला होता."

"अगं, मग वॉशर बदलायचा!"

"तसं नसते, आई. आज वॉशर म्हणतात, उद्या भिंतीत ओल निघते. मी सरळ नाही म्हटलं आणि आली परत."

मेघनाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. आपण जन्माला घातलेली मुलगी एका नळासाठी खोली नाकारून आली, याबद्दल देवाचे आभार मानावेत की नवऱ्याला बोल लावावा, हे त्यांना ठरवता येईना. चिंतामणराव गाडीजवळ गेले. त्यांनी दोनदा खाकरलं.

"बरोबर केलंस," ते म्हणाले.

गाडीखाली हलणारा टॉर्चचा उजेड एकाच जागी थांबला. मग आवाज आला.

"बाबा, परत म्हणा."

चिंतामणरावांनी वर पाहिलं. तिवारी आपल्या गॅलरीत उभे होते, आणि दुबेबाईही खिडकीत आल्या होत्या. चिंतामणरावांनी आवाज चढवला आणि परत म्हटलं.